आघाडीला नडलेला आवाज

हसनाबादचा फुटबॉल संघ सलग चौथ्या सामन्यात एकही गोल न मारता घरी परतला, तेव्हा पारस संचेतीच्या दुकानापुढचा ओटा संध्याकाळी माणसांनी भरून गेला. हरल्यावर ओटा जास्तच भरायचा. जिंकलेली माणसं आपापल्या घरी जाऊन सांगत बसत. हरल्यावर मात्र दोष कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय कुणाला भाकर गोड लागत नसे, आणि तो घालायची जागा म्हणजे हा ओटा.

दुकान भांड्यांचं. आत पातेली, पराती, कळशांच्या चळती आणि गल्ल्यामागं पारस. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगानं जाड, उंचीला बेताचा. आवाज मात्र असा की त्यानं दुकानातून गिऱ्हाइकाला "या" म्हटलं तरी रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघायचा. गावात त्याला सगळे शेठ म्हणत, पण पंचक्रोशीत त्याची ओळख भांड्यांची नव्हती. हसनाबादच्या सामन्याला माइकवर बोलतो तो पारस, ही त्याची ओळख.

"आघाडीच झोपली राव आपली," पुंजाराम म्हणाला. पुंजाराम म्हातारा शेतकरी. जन्मात त्यानं चेंडूला पाय लावला नव्हता, पण एक सामना चुकवला नव्हता. छत्री घेऊन कॉर्नरच्या झेंड्यापाशी बसायचा.

"आघाडी न्हाई झोपली, संघपाल झोपला," शिवाजी म्हणाला. हा शिवाजी पूर्वी संघात मधल्या फळीत खेळायचा. गुडघा गेला तेव्हापासून शाळेची व्हॅन चालवतो आणि ओट्यावर बसून फॉरवर्डांना खेळायला शिकवतो. "तीस वर्साचा घोडा झाला. पळणं होईना त्याच्याच्यानं. चेंडू येतो, हा उभा. आता नव्या पोराला घ्या."

"उभा न्हाई राहत तो!" पारस गल्ल्यामागून उठलाच. "तू व्हॅन चालवून राह्यला, तुला काय दिसतं? मी वरून बघतो. पास सुटायच्या आधीच त्यांचे दोन बॅक त्याच्या अंगावर येऊन पडतात. आधीच! त्यांना काय सपनं पडतात का, चेंडू कुठं येणार म्हणून? त्यात एकटा संघपाल काय करंल? मधली फळी चेंडू लवकर सोडत न्हाई, हा दोष हाय."

"मधल्या फळीत सगळी कालची पोरं," कुणीतरी म्हणालं.

"मैदानाचाबी दोष हाय. डाव्या बाजूला निस्ते खड्डे."

"खड्डे काय यंदाच पडले? मागल्या साली त्याच खड्ड्यांतून गोल मारले ना आपण?"

असा कालवा चालला असताना अण्णासाहेब आले. अण्णासाहेब संघाचे अध्यक्ष. बियाण्या-खतांचं मोठं दुकान, चार गावांत वजन. ते ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले, "पुढचा सामना आष्टीसंगं. तो गेला तर आपण जिल्ह्याच्या चषकातून बाहेर. मी म्हणतो, संघपालला ह्या सामन्याला बसवावं."

पारस पायऱ्या उतरून खाली आला.

"अण्णासाहेब, एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला, आणि हे तो सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असंच म्हणाला, "संघपाल बसला तर माइकबी बसंल. तो मैदानात न्हाई तर मी बोलणार न्हाई."

अण्णासाहेब निघून गेले. पुंजारामनं तेवढी मान हलवली, "शेठ, दोस्ती असावी तर अशी."

पारसच्या तोंडी हा माइक कसा आला, तेही सांगायला पाहिजे. तो शाळेत होता तेव्हा नांदेडकडून बदलून आलेले एक ड्रिलचे मास्तर पोत्यात दोन फुटबॉल घालून गावात उतरले होते. आजूबाजूच्या सगळ्या गावांत क्रिकेट आणि कबड्डी. हसनाबादला मात्र मास्तरांपायी फुटबॉलचं वेड लागलं. पारसलाही खेळायचं होतं. पण दहा पावलं पळाला की त्याला धाप लागायची, आणि त्या धापेतही त्याचं तोंड चालूच असायचं. चेंडू इकडं दे, तिकडं बघ, अरे मागं कोण हाय. एक दिवस मास्तरांनी त्याला कानाला धरून मैदानाबाहेर आणलं आणि मंडपवाल्याचा माइक हातात दिला. "तुझे पाय चालत नाहीत, तोंड चालतं. ते तरी कामाला लाव."

त्या दिवशी पोरगा जो बोलायला लागला तो थांबलाच नाही. त्याचे वडील, कन्हैयालाल, कपाळावर हात मारत. म्हणत, अरे, एवढं गिऱ्हाइकासंगं बोललास तर भोकरदनला दुसरं दुकान घालू. पण बापाचं ऐकून तो दुकानात बसला तो सोमवार ते शनिवार. रविवार गिरजा नदीकाठच्या मैदानाचा. सकाळपासून तोंडात खडीसाखर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कोमट पाणी. रूपल लग्न होऊन घरात आली तेव्हा पहिल्याच रविवारी नवऱ्याचा तो थाट बघून तिला वाटलं, कुठं तरी लग्नाला निघाले. नंतर तिला कळलं की हे लग्न दर रविवारी लागतं.

आणि त्याचं बोलणं होतंही तसं. कोरडी माहिती नसायची. गोलकीपरनं चेंडू अडवला की तो म्हणायचा, "सासूनं दार लावलं, जावई बाहेर!" समोरच्याचा फटका बारवरून गेला की, "चेंडू निघाला धावड्याला, रात्री मुक्काम तिकडंच!" बाया-पोरं नुसती त्याला ऐकायला मैदानावर येत. बाहेरगावी सामना असला तरी यजमान स्वतःहून म्हणत, शेठला आणा.

संघपाल संघात आला तेव्हा सोळा-सतराचा होता, बौद्धवाड्यातला. पायात वारं भरलेलं पोर. पण त्याला कुणी पास देईना. तो उजव्या बाजूनं मोकळा पळायचा, हात वर करायचा, आणि चेंडू भलतीकडंच जायचा. असं अर्धा सामना चाललं. शेवटी माइकवरून पारसचा आवाज फुटला. "उजवीकडं संघपाल मोकळा हाय! एकदम मोकळा! अख्ख्या मैदानाला दिसून राह्यला, निस्तं आपल्याच पोरांना दिसंना! डोळ्याचा डॉक्टर बोलवा रे कुणी!" लोक हसले. हसण्यात लाज होती. पुढचा चेंडू संघपालकडं गेला आणि त्यानं तो जाळ्यात नेऊन टाकला. त्या दिवसापासून पारसचा आवाज आणि संघपालचा पाय अशी जोडी झाली. संघपाल त्याला भाऊ म्हणायचा, पारस त्याला संघा. संघपालचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान उघडलं तेव्हा नारळ पारसनं फोडला. त्याच्या मुलीच्या बारशाला रूपल कुंची घेऊन गेली होती.

यंदा सामने सुरू व्हायच्या आधी संघानं नवा स्पीकर घेतला. जुना भोंगा फाटका होता, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नुसतं घोंगावणं पोचायचं. नवा स्पीकर पारसनं स्वतः जालन्याला जाऊन निवडून आणला. टेम्पोवर चढवून तो बाहेरगावच्या सामन्यांनाही न्यायची सोय झाली. पहिल्या दिवशी त्यानं हळूच "हॅलो" म्हटलं तर नदीपलीकडच्या शेतातली बाई खुरपं थांबवून बघायला लागली. पारसला आभाळ ठेंगणं झालं होतं.

रविवारी आष्टीचा संघ आला. पारस नेहमीसारखा पांढरा शर्ट घालून मैदानावर पोचला. लिंबाखालच्या उंचवट्यावर टेबल होतं, टेबलावर चादर होती, पाण्याचा तांब्या होता. माइक नव्हता. मंडपवाला वायर गुंडाळायचं सोंग करत खाली बघत होता.

अण्णासाहेबांनी पारसच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं.

"शेठ, आज जरा आराम करा."

"का? गळा बराबर हाय माझा."

"गळ्याचं न्हाई हो. काल कमिटी बसली. एक मुद्दा निघाला. तुमी कोण मोकळा हाय, कोण मागून निघाला, कुणी कुणाला हात केला, समदं स्पीकरवर सांगता. आपल्या पोरांच्या आधी त्यांचे बॅक ऐकतात. आघाडी अडकती ती तिथं. म्हणून ठरलं, ह्या सामन्याला कॉमेंट्री न्हाई. निस्ता स्कोअर सांगायचा, तो मंडपवाला सांगंल."

पारस आधी हसला. त्याला वाटलं, चेष्टा. मग अण्णासाहेबांचा चेहरा बघून त्याचं हसणं अर्ध्यातच राहिलं.

"कमिटी बसली? मीबी कमिटीत हाय की."

अण्णासाहेबांनी घड्याळ बघितलं. "तुमच्याबद्दलच बोलायचं म्हणल्यावर तुमाला कसं बोलवायचं, शेठ?"

शिट्टी वाजली. अण्णासाहेब त्या निमित्तानं सुटले.

पारसला घरी जावंसं वाटत होतं, पण एवढ्या माणसांतून माघारी निघायचं म्हणजे सगळ्यांना तोंड दाखवत जायचं. तो पुंजारामच्या छत्रीपाशी जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं सामना असा खालून, गर्दीत उभं राहून कधी बघितलाच नव्हता. पुढच्या माणसाचं डोकं मध्ये यायचं. चेंडू कुठं गेला ते कळायचं नाही. त्याचे ओठ मात्र आपोआप हलत होते.

मध्यंतराच्या जरा आधी शिवाजीच्या पुतण्यानं मधून चेंडू उचलला. उजवीकडून संघपाल सुटला. पारसनं ते सगळ्यांच्या आधी बघितलं. 'संघपाल मोकळा' हे शब्द त्याच्या जिभेवर येऊन थांबले. मैदानावर नुसता चेंडूचा आवाज. आष्टीचे दोन्ही बॅक भलतीकडंच बघत होते. पास गेला, संघपालनं एकदाच मान वर केली, आणि गोल.

मैदान उसळलं. पारसचेही हात वर गेले. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की पुढची माणसं गोलकडं बघायची सोडून मागं वळून त्याच्याकडं बघतायत. एकजण दुसऱ्याला कोपरानं ढोसून हसला. पारसनं हात खाली घेतले.

दुसरा गोलही संघपालनंच मारला. त्या वेळी पारसचे हात हलले नाहीत.

सामना संपल्यावर पोरांनी संघपालला उचललं. शिवाजी लंगडत पारसपाशी आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा, झाली की न्हाई आघाडी जागी? राग नका मानू शेठ. गावासाठी हाय हे." पारसनं तोंड वळवलं. ते बघून शिवाजीलाच कसंसं झालं आणि तो गर्दीत सटकला.

मैदानाबाहेर आष्टीचा एक उंच पोरगा ओल्या केसांनी धावत आला आणि वाकून पारसच्या पाया पडला. तो त्यांचा बॅक होता, राधेश्याम.

"शेठ, आज आवाज का न्हवता तुमचा? लई चुकल्यासारखं झालं. आमच्याकडं सामना झाल्ता तवा मी तुमचं बोलणं मोबाइलवर भरून नेलं. घरी आई ऐकती."

"आज जरा... गळा बसलाय," पारस म्हणाला.

"तरीच! आमचा निस्ता गोंधळ उडाला." पोरगा मनापासून हसत होता, त्याच्या मनात काही पाप नव्हतं. "यंदाचा तुमचा स्पीकर लई क्लियर हाय. तुमी 'संघपाल मागून निघाला' म्हणले की मी डोळे झाकून मागं सरकायचो. तुमच्या भरोशावरच खेळलो तवा आमी. लवकर बरे व्हा, शेठ."

तो गेला. पारस जागच्या जागी उभा राहिला. म्हणजे कमिटी म्हणाली ते खरं होतं. खोटं असतं तर तो भांडला असता, ओट्यावर चार माणसं जमवून त्यानं अण्णासाहेबांना पाणी पाजलं असतं. खऱ्यासंगं भांडायचं कसं? त्यानंच ओट्यावर विचारलं होतं, त्यांना काय सपनं पडतात का. सपनं तोच त्यांना पुरवत होता.

घराकडं येताना पुंजाराम सोबत होता. म्हातारा नजर चुकवत चालत होता आणि तेच पारसला खटकलं.

"काका, कमिटीत तुमी होते ना काल?"

"होतो."

"पहिल्यांदा कोण बोललं हे? शिवाजी?"

"जाऊ द्या ना शेठ."

"शिवाजीच असंल. त्याला माझा माइक पहिल्यापासून खुपतो."

पुंजारामनं छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "शिवाजी न्हाई. शिवाजी तर संघपालला बसवा म्हणून अडून बसला होता. संघपाललाबी बोलवलं होतं, समद्यांनी त्याला मधी घेतलं. एकजण म्हणं तू म्हातारा झाला, दुसरा म्हणं तुझ्यात दम न्हाई. लई बोलले. मंग तो उठला." म्हातारा थांबला. "म्हणला, मला बसवायच्या आधी पारसभाऊचं तोंड बसवा."

घरी रूपलनं ताट वाढलं, त्यानं हात धुतले आणि ताटावर बसून राहिला. रूपल म्हणाली, "जिंकलो ना? सगळं गाव नाचून राह्यलं." तो म्हणाला, "गाव जिंकलं." तिला काही कळलं नाही. संध्याकाळी गल्लीतल्या बायकांकडून कळलं, तेव्हा तिनं नवऱ्याचा पांढरा शर्ट धुवायला टाकता टाकता तसाच घडी घालून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारस संघपालच्या दुकानी गेला. संघपाल खाली बसून मोटारीत तांब्याची तार भरत होता. त्यानं वर बघितलं, स्टूल पुढं सरकवलं. पारस बसला नाही.

"खरं हाय का, संघा?"

संघपालनं काय म्हणून विचारलं नाही. "हाय."

"समद्यांत बोलला तू. माझ्या माघारी. मला येऊन सांगितलं असतं तर?"

"सांगितलं होतं भाऊ. आष्टीहून येताना टेम्पोत म्हणलो होतो, जरा कमी बोलत जा, कोण मोकळा हाय ते सांगू नका. तुमी हसले. म्हणले, मी कमी बोललो तर तुला कोण वळखंल?"

पारसला आठवलं. तो खरंच तसं म्हणाला होता. टेम्पोत सगळे हसले होते. संघपाल हसला होता का, ते मात्र आठवेना.

"अरे, चेष्टेत बोललो असंल! ती काय सांगायची रीत झाली? हात धरून बसवायचं होतं मला. तुझ्यासाठी मी भर बाजारात अण्णासाहेबाला बोललो, संघपाल बसला तर माइक बसंल म्हणून. तुझ्यासाठी मी माइक सोडायला निघालो होतो!"

संघपालनं तार खाली ठेवली.

"मंग सुटला तर काय बिघडलं, भाऊ?"

संघपाल उठून उभा राहिला. आवाज चढलेला नव्हता, पण पुष्कळ दिवस आत ठेवलेलं बाहेर येताना जसं येतं तसं ते आलं.

"तुमी मला पास द्यायला लावला, ते मी कुठंबी सांगीन. पण तुमी दर सामन्याला तेच सांगता. संघपालनं गोल मारला की तुमचं सुरू, ह्याला कुणी पास देत न्हवतं, मी द्यायला लावला. माझी पोरगी मैदानावर बसून ऐकती. तिनं घरी विचारलं, बाबा, तुमाला पास का देत न्हवते? काय सांगू मी तिला? गोल मी मारले, भाऊ. इतकी वर्सं मीच मारले."

"मी तुझं नाव मोठं करायला बोलायचो."

"म्हाईत हाय मला. म्हणून तर तोंडावर बोलता येईना."

"आणि चार लोकांत बोलता आलं."

संघपालनं तार पुन्हा हातात घेतली. तो म्हणाला, "तवा मला समदे खाऊन राह्यले होते. मला कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. तुमचं खरं होतं, म्हणून दिलं."

पारस बाहेर पडला. संघपालनं मागून दोनदा हाक मारली. उन्हात रस्त्यानं जाताना पारस मनाशी एकच हिशेब करत होता. मुलीचं ते बोलणं त्याला लागलं होतं; त्याची चूक होती, हे त्यालाही नाकारता येईना. पण चूक दाखवणं वेगळं आणि आपली मान सोडवायला दुसऱ्याची पुढं करणं वेगळं. कमिटीतल्या बाकीच्यांनी केलं असतं तर त्यानं ते पान खाऊन थुंकून टाकलं असतं. संघानं केलं. आणि केलं ते त्याच आठवड्यात, ज्या आठवड्यात तो त्याच्यासाठी भांडून आला होता.

पुढचा सामना जालन्याला होता, बाद फेरीचा. कॉमेंट्री नव्हती. हसनाबादनं एकही गोल मारला नाही आणि चषक गेला. संध्याकाळी लोक सवयीनं ओट्याकडं आले. आता दोष मधल्या फळीचा होता, मग पंचाचा झाला, मग नव्या बुटांचा. शिवाजी म्हणाला, "मैदानावर जीवच न्हवता राव. शेठचा आवाज न्हवता ना." ते ऐकून पारस गल्ल्यावरून उठला, ओट्यावर आला आणि म्हणाला, "जरा सरका. झाडायचंय." आणि माणसं बसलेली असतानाच त्यानं झाडायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात त्यानं ओट्यावर पितळी हंड्यांची मांडणी करून टाकली. बसायला जागा उरली नाही. चर्चा वडाखालच्या चहाच्या टपरीवर गेली.

नव्या हंगामाच्या तोंडाला अण्णासाहेब दोन माणसं घेऊन आले. लोक मैदानावर येईनासे झाले होते, बाया तर अजिबात नाही. "शेठ, माइक तुमचाच हाय," ते म्हणाले. "निस्तं कोण मोकळा, कोण कुठून पळाला, तेवढं टाळा. बाकी सासू-जावई समदं चालू द्या."

"मला आता येत न्हाई, अण्णासाहेब."

"असं कसं? तुमचं तोंड..."

"बसलंय ते," पारस म्हणाला. "बसवायचं ठरलं होतं ना कमिटीत. बसलं."

अण्णासाहेबांचा चेहरा उतरला. चहा न घेता ते गेले. आतून रूपल आली. "का नाही म्हणालात? तुम्ही बोलत नाही तर घरसुद्धा भकास वाटतं." पारस म्हणाला, "बोलायला लागलो की मला दिसतं ना, रूपल. ते समदे मागं वळून माझ्याकडं बघून राह्यलेत. मंग शब्दच येत न्हाई." एवढं तो कुणापाशी पहिल्यांदाच बोलला होता. ती त्याच्याजवळ बसली आणि नंतर तो विषय तिनं काढला नाही.

थंडीच्या दिवसांत संघपाल दुकानात आला. भाचीचं लग्न होतं, रुखवताची भांडी घ्यायची होती. सोबत त्याची मुलगी होती. पारस उभा राहिला.

"या, बसा संघपालराव. काय दाखवू?"

संघपाल बसला नाही. "मला कवापासून राव म्हणायला लागले, भाऊ?"

"गिऱ्हाईक हाय तुमी."

संघपालचं तोंड एवढंसं झालं. पण पारसनं भांडी मन लावून दाखवली. जड बुडाची पातेली काढून दिली, हलकी बाजूला ठेवली. नाव काय टाकायचं ते विचारून घेतलं आणि सगळ्या भांड्यांवर भाचीचं नाव स्वतः कोरलं. मशीनच्या करकर आवाजात दोघांनाही बोलावं लागलं नाही. पोरगी वाकून बघत होती, तिला त्यानं एक छोटी वाटी तिच्या नावाची करून दिली.

जाताना संघपाल दारात थांबला. "रविवारी या. बोलू नका, निस्तं बघायला या. माझं हे शेवटचं साल हाय."

"बघू," पारस म्हणाला. "जमलं तर बघू, संघपालराव."

रविवारी त्यानं दुकान उघडं ठेवलं. बाजारपेठ रिकामी होती. दुपारी एक बाई परात घ्यायला आली. ती ठोकून बघत असतानाच गिरजेच्या बाजूनं गलका उठला. आधी चढत गेलेला, मग क्षणभर दबलेला आणि मग एकदम फुटलेला. चेंडू हुकल्यावर गलका असा फुटत नाही, तो खाली बसतो. पारसला हे सांगायला मैदानावर जावं लागत नव्हतं. शिट्ट्यांचा जोर उजव्या टोकाकडून होता, त्यावरून गोल कुणाच्या पायातून आला तेही त्याला कळलं.

बाईनं मान वर केली. "गोल झाला का वो शेठ?"

"म्हाईत न्हाई," पारस म्हणाला, आणि वरच्या फळीवरून दुसरी परात काढायला वळला.